सरबताचे ड्रम

ता. २, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

आणि दुसरी गोष्ट, मी आळशी नाही. चंचल म्हण, तोंडाळ म्हण, एका जागी बूड न टेकणारा म्हण. भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, ते मी घेतलं. पण तीन गिऱ्हाइकं समोर उभी असताना तू म्हणालीस, "ह्याच्या आळसाने रोपं गेली, ह्याने पाणी चुकवलं." ते मला वर्ष झालं तरी लागतं. मी एकदाही पाणी चुकवलं नव्हतं. सकाळी दोन झाऱ्या, संध्याकाळी दोन झाऱ्या, प्रत्येक ट्रेला, रोज. चुकवलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, पण ते पुढे येईल.

नमस्कार राहिला. नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, खोकला गेला. दाजींना नमस्कार सांग. छकुलीला सांग, मामाच्या मिशीचे आता अकरा केस झाले. तिने सातच मोजले होते.

फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तरी ठेवून देतेस. गेल्या आठवड्यात तर मी तोंडही उघडलं नव्हतं, नुसता श्वास घेतला, आणि तू म्हणालीस, "भिंगरी, फोन ठेव." श्वासावरून ओळखतेस आणि वर बोलायचं नाही! म्हणून हे पत्र. चौथीनंतर मी इतकं सलग कधी लिहिलेलं नाही. अक्षराला हसलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. मध्येच चुलीत घालू नकोस.

दाजींशी माझं बोलणं झालंय. त्यांच्यावर ओरडू नकोस, मीच गळ घातली. त्यांच्याकडून कळलं की वीस तारखेला तू आईच्या घेवड्याचं उरलेलं सगळं बी भिजत घालणार आहेस. "आलं तर आलं, नाहीतर डबा धुऊन टाकते" असं म्हणालीस म्हणे. ताई, ते त्या निळ्या ड्रमांत भिजवू नकोस. ड्रमांतलं पाणीही घालू नकोस. मी दाजींना म्हटलं, तुम्हीच सांगा तिला. तर ते म्हणाले, "तुझं नाव काढलं ना, तर ती मुद्दाम त्याच ड्रमात भिजवेल, आणि वर मलाही भिजवेल."

म्हणजे तुला पटेल असं मलाच सांगायला हवं. ड्रमचं सांगतो. आधी दुसरं सांगू दे.

मी इथे नवी नोकरी धरली आहे. आठवी. हसू नकोस. एका मोठ्या प्रयोगशाळेत काचसामान धुतो. इथे कारखान्यांच्या आजूबाजूच्या नाल्यांचं, विहिरींचं पाणी कॅनमधून येतं. झाकणाच्या पसरट काचेच्या बश्या असतात, तळाला गोल पांढरा कागद, कागदावर बिया रांगेने मांडायच्या आणि वर त्यातलं पाणी मोजून घालायचं. मग रोज ठरलेल्या वेळी बघायचं, किती उगवल्या, मूळ किती लांब झालं. झालं काम. एवढ्यासाठी तीन मजली इमारत! पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, ही माणसं आमच्या ताईसारखीच दिसतात, फक्त ह्यांना पगार मिळतो.

आमच्या मोठ्या बाई आहेत, केस पिकलेले, चपला कायम दाराबाहेर विसरलेल्या. त्यांनी मला बश्या धुवायला शिकवलं. साबण, मग नळाचं पाणी, मग आम्लाच्या टाकीत एक दिवस, मग शुद्ध पाण्याने तीनदा. मी म्हटलं, बाई, आरशासारखी झाली की, आता कशाला? त्या म्हणाल्या, "डोळ्याला स्वच्छ दिसणं वेगळं आणि बीला स्वच्छ असणं वेगळं." ह्या वाक्यावर मी बशी हातात धरून किती वेळ उभा राहिलो ते बाईंनी पाहिलं.

महिनाभरात मी घोळ घातलाच. एका कपाटात चाळीस बश्या होत्या. पुढच्या रांगांतल्या बिया फुटलेल्या, मागच्या दोन रांगांतल्या तशाच, गप्प पडलेल्या. मला वाटलं ह्यांना कोणी पाणी घालायला विसरलं. तहानलेल्या दिसत होत्या गं. मी नळावरून बाटली भरली आणि दोन्ही रांगांना चांगलं पाजलं. संध्याकाळी तिथे शिकणाऱ्या पोरीने डोकं धरलं. तिचं दोन आठवड्यांचं काम वाया गेलं होतं. मागच्या रांगांत मुद्दाम जास्त विष घातलं होतं, आणि मी ते पातळ करून ठेवलं.

मला वाटलं, चला, नववी नोकरी शोधा. बाईंनी बोलावलं.

"का घातलंस पाणी?"

"तहानल्या होत्या."

"तुला दया आली त्यांची?"

"हो."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "मग बस आणि मोज. दया येणाऱ्याने मोजायला शिकावं."

ताई, तेव्हापासून मी दुपारी मोजायला बसतो. खोटं वाटेल तुला, पण मी दोन-दोन तास एका जागी बसतो. पायसुद्धा हलवत नाही.

सुट्टी संपली.


ता. ४

काल लिहिता आलं नाही. खोलीत आम्ही तिघं आहोत, लिफ्ट दुरुस्त करणारा आणि एक भट्टीवर काम करणारा. लिफ्टवाला म्हणाला, "कोणाला लिहितोस रे एवढं? पोरगी आहे का?" मी म्हटलं, त्याहून अवघड आहे, बहीण आहे. त्याने आपलं पेन काढून दिलं. त्यालाही एक आहे.

मी तुझ्या रोपवाटिकेत वाढलो असं लोक म्हणतात, पण मी तिथे नुसता वावरलो. ट्रे उचलले, माती चाळली, गाडीत रोपं भरली. बी उगवताना मी कधी बघितलंच नाही. ते मातीत असतं, आणि मी कधी मातीकडे टक लावून बसणार! इथे कागदावर उघडं असतं सगळं. बाईंनी मला भिंग दिलं आणि मुळ्याच्या बिया दाखवल्या.

ताई, आधी मूळ येतं. पान नाही. तुला हे ठाऊकच असणार, पण मला कोणी सांगितलं नव्हतं. टरफलाला केसाएवढी चीर पडते आणि तिथून एक पांढरं टोक बाहेर येतं, इतकं हळू की चाललंय हे दिसत नाही. नजर काढून पुन्हा बघितलं की पुढे गेलेलं असतं. कुठे जायचं ते त्याला माहीत असतं. मी बाईंना विचारलं, ह्याला खाली कुठे आहे ते कसं कळतं, डोळे नाहीत, माती नाही. त्या म्हणाल्या, करून बघ. मी बशी कडेवर उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळी मुळं खाली वळलेली. मग बशी फिरवली, खालची बाजू वर. तिसऱ्या दिवशी सगळी मुळं कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळून पुन्हा खाली निघालेली. एकही चुकलं नाही. मी पंचवीस मोजली. मी आजवर आठ नोकऱ्या धरल्या, चार गावं बदलली, आणि हे राईएवढं बी अंधारात उलटं टांगलं तरी त्याला आपली दिशा सापडते. मला रडू आलं असं लिहिणार नाही, पण भिंग पुसावं लागलं.

आणि एक सांगतो. मी बाईंना विचारलं, जिथे विष घातलंय तिथेही बऱ्याच बिया फुटतात, ते कसं? त्या म्हणाल्या, "बीला आईने शिदोरी बांधून दिलेली असते. पहिले काही दिवस ते तीच खातं. टरफल बाहेरचं बरंचसं अडवतं. शिदोरीवर ते फुटतं, थोडं वाढतंही. पण एकदा मूळ बाहेर आलं आणि आजूबाजूचं पाणी प्यायला लागलं, की तिथून पुढे ते पाणी जसं असेल तसं."

आईने बांधून दिलेली. बाई असं सहज बोलून गेल्या आणि दुसऱ्या बशीकडे वळल्या. मला मात्र आपला तो पत्र्याचा डबा आठवला, आणि आई घेवड्याच्या बिया एकेक करून बोटांत फिरवायची, चपटी दिसली की बाजूला टाकायची, ते आठवलं.

तू ते बी गेल्या वर्षी भिजत घातलंस. अर्धा डबा. काहीच वर आलं नाही म्हणून बारा दिवसांनी तू बोटाने माती उकरलीस. मी मागे उभा होतो. तू म्हणालीस, "आईचं बी मेलं रे." आणि मी काय म्हणालो ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. दाजी तेव्हा तिथे नव्हते.

मी म्हणालो, "वाणच जुनं झालं होतं. म्हातारं झालं की मरतंच. आईसारखं."

ते मी परत लिहून दाखवतोय, कारण इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी असं म्हणालोच नाही, तू काहीतरी वेगळं ऐकलंस. नाही. तू बरोबर ऐकलंस. तू म्हणालीस, "चालता हो," आणि मी झालो.

पण जाताना मी डब्यातून एक मूठ बी घेतलं होतं. चोरलं म्हण. का घेतलं माहीत नाही, राग आला होता आणि हात डब्यात गेला. एकतीस बिया. मोज्यात गाठ मारून ठेवलेल्या, चार गावं माझ्याबरोबर फिरल्या.

त्यांतल्या वीस मी परवा, दोन तारखेला, सकाळी बशीत घातल्या. बाईंची परवानगी घेऊन. बाई म्हणाल्या, दहा स्वच्छ पाण्यात घाल, दहा दूषित पाण्यात, म्हणजे तुलना होईल. मी म्हटलं, नाही. आईचं बी मी विषात घालणार नाही. बाईंनी दूषित पाण्याची बाटली परत कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. मग वीसही स्वच्छ पाण्यात. दूषितला आपण बाजारातला मुळा वापरू."

आज दुसरा दिवस आहे. फुगल्या आहेत, टरफलावरचे ते तपकिरी ठिपके ताणले गेलेत. बाकी काही नाही. मी दर तासाला बघून येतो. शिकणारी पोरगी म्हणते, "अरे, बघून बघून त्या लाजतील."


ता. ६

सात आल्या!

सकाळी सात, दुपारी अकरा. मूळ चांगलं जाड, पांढरंशुभ्र, टोकाशी किंचित पिवळसर. बाई म्हणाल्या, हे निरोगी आहे. मी भट्टीवाल्याला सांगितलं, लिफ्टवाल्याला सांगितलं, कॅन घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "घेवडा उगवला म्हणून एवढं नाचतोस, मुलगा झाला तर काय करशील?"

ताई, आईचं बी मेलेलं नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहितो, तू पुढचं वाचलं नाहीस तरी एवढं वाच. आईचं बी मेलेलं नाही.

आता तू विचारशील, मग गेल्या वर्षी काय झालं.

बसलोच आहे तर सांगतो. ड्रमचं.

तीन आठवड्यांपूर्वी मी एका कपाटासमोरून बश्यांची टोपली घेऊन जात होतो. खिडकीखालच्या ट्रेमध्ये रोपं होती. पांढरी. कणभर हिरवा रंग नाही. देठ पांढरे, पानं पांढरी, आणि उभी राहिलेली, नीट, सरळ, दुधात बुडवून काढल्यासारखी. माझ्या हातातली टोपली खाली आदळली. फुटलं काही नाही, पण आवाज झाला.

तुझी मिरची तशीच आली होती, ताई. दोनशे ट्रे. लोक बघायला यायचे. पहिले दोन दिवस तुलाही ती सुंदर वाटली, छकुलीने तर त्यांना "भुताची मिरची" नाव दिलं. मग आठवड्यात एकेक करून आडवी झाली. तू बियाणेवाल्या काकांच्या दुकानात जाऊन चारचौघांत भांडलीस, सडकं बी दिलं म्हणून. त्यांनी शपथ घेतली तरी ऐकलं नाहीस. मग घरी येऊन माझ्यावर. मी पाणी चुकवलं म्हणून.

मी त्या पोरीला विचारलं, ही अशी का? ती म्हणाली, ह्यांच्या पाण्यात औषध आहे. माणसांना जंतूंसाठी देतात ते. जंतू मारणारं औषध रोपाच्या आत जिथे हिरवा रंग तयार होतो तिथेच जाऊन बसतं आणि तो कारखाना बंद पाडतं. हिरवा रंग नाही तर उन्हातून अन्न करता येत नाही. आईची शिदोरी संपेपर्यंत उभं राहतं, मग पडतं. औषधाच्या कारखान्यांतून असं पाणी बाहेर सुटतं, म्हणून तर आम्ही तपासतो.

मला बराच वेळ कळेना की घाबरावं की बघत राहावं. माणूस वाचवायला केलेली पूड. एवढीशी. तिने हिरवा रंगच काढून घेतला. ती ट्रेवरची चिठ्ठी मी वाचली. औषधाचं नाव लांबलचक आहे, मला वाचायला वेळ लागला. पण वाचायची गरज नव्हती. ते नाव मी आधी एकदा एकेक अक्षर करून वाचलेलं होतं, कारण मी ते ब्लेडने खरवडत होतो.

तुझ्या पहिल्या ड्रमावरून.

थांब. अजून आहे.

तू मला तेव्हा दोनदा विचारलं होतंस. ड्रम आणले त्या दिवशी, आणि पांढरी मिरची आली त्या दिवशी. "ड्रम कशाचे होते रे?" दोन्ही वेळा मी म्हणालो, सरबताचे. सरबताच्या कंपनीतून घेतले, नवेच समज. तू आत नाक घालून वास घेतलास आणि म्हणालीस, "सरबताचा वास तर येत नाही." मी म्हणालो, "धुतलेत ना चांगले!" तू हसलीस. मला शाबासकी दिलीस.

ते सरबताचे नव्हते. एक औषधाच्या कारखान्याचा होता, भंगारात आला होता. आत पूड राहिलेली, मी एकदा नळी मारली. दुसरा मी त्या वेळी जिथे कामाला होतो तिथला. नळांना चकाकी चढवायचा कारखाना, तुला आठवतो, माझे हात पिवळे व्हायचे. त्याच पिवळ्या पाण्याचा ड्रम. मुकादम म्हणाला होता, हे फेकायचेत, कुठे घरात वापरू नको रे. मी म्हटलं, नाही वापरत. तोही धुतला मी. डोळ्याला स्वच्छ दिसत होता.

आईचं बी तू त्या दुसऱ्यात भिजवलंस. आणि मिरचीला पाणी मी रोज पहिल्यातून घातलं. एकदाही न चुकवता.

आज एवढंच जमतंय.


ता. ८

सकाळपासून तीनदा कागद काढला आणि ठेवला.

तू म्हणशील, पोराला कळत नव्हतं, अडाणी, त्याला काय माहीत ड्रमात काय असतं. दाजी तसंच म्हणाले फोनवर. मीही बाईंना तसंच सांगितलं. म्हटलं, ओळखीच्या एकाने असे ड्रम नेले होते, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "माहीत नव्हतं तर त्याने नाव का खरवडलं?" त्याने नाव खरवडल्याचंही मीच बोलून गेलो होतो, आणि ते विसरलो होतो. आणि त्या चष्मा पुसत राहिल्या.

खरं आहे ते. मुळांचं, हिरव्या रंगाचं मला काही माहीत नव्हतं. पण हे ड्रम बरे नाहीत एवढं माहीत होतं. म्हणून तर नाव काढलं. आणि पांढरी मिरची आली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा ड्रमच आला होता, ताई. लगेच. तू काकांशी भांडायला निघालीस, चपला घालत होतीस, तेव्हा माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "मीही येतो." आणि तुझ्याबरोबर जाऊन त्यांच्यावर मीही ओरडलो. तुझ्यापेक्षा मोठ्याने.

तू आईच्या घेवड्याची माती उकरलीस तेव्हाही मी बघितलं होतं. काही बिया फुटलेल्या होत्या. नखाएवढी मुळं, टोकं करपल्यासारखी तपकिरी. तुझे डोळे भरलेले होते, तुला दिसलं नाही. मी बघितलं आणि म्हणालो, म्हातारं झालं होतं.

बाईंनी सांगितलं, "सांग तिला."

मी म्हटलं, "ती माझं ऐकत नाही."

"मग असं सांग की ऐकावं लागेल."

"म्हणजे कसं?"

"ते तुला माहीत आहे," म्हणाल्या.

म्हणजे कसं सांगायचं, ते तू आत्ता वाचलंस.

तरी तुला नुसता माझा शब्द नको. माझ्या शब्दाची किंमत मी घालवलेली आहे. दाजींनी दोन्ही ड्रमांच्या तळाचं पाणी बाटल्यांत भरून ट्रकवाल्याबरोबर पाठवलं होतं. पहिल्यांदा तेलाच्या बाटल्यांत भरलं, ते बाईंनी परत धाडलं. मग नव्या बाटल्यांत पाठवलं. ते पाणी आम्ही मुळ्याच्या बियांवर घातलं, पन्नास-पन्नास बिया, आणि स्वच्छ पाण्याच्या पन्नास. मी स्वतः मोजलं, पोरीने पुन्हा मोजलं, बाईंनी तिसऱ्यांदा.

स्वच्छ पाण्यात अठ्ठेचाळीस उगवल्या. मुळं माझ्या करंगळीएवढी.

औषधाच्या ड्रमात सेहेचाळीस. उगवल्या गं, पण पानं पिवळट, फिकी. वर्षभर पाणी बदलूनही अजून फिकी येतात.

चकाकीच्या ड्रमात एकतीस. मुळं नखाएवढी. टोकं तपकिरी. मी ती लगेच ओळखली.

मुळ्याच्या बीला काय वाटलं असेल, असं माझ्या मनात आलं. त्याला काही माहीत नसतं. ते आपलं खाली जातं, विश्वासाने. खाली जे असेल ते पितं.

छकुलीचं मी दाजींना पहिल्याच फोनवर विचारलं होतं. ती त्या ड्रमांत खेळते का? ते म्हणाले, तिचा हातच पोचत नाही वरपर्यंत. जीव भांड्यात पडला. पण आता ती उंच होईल. ड्रम ओहोळात धुऊ नका, पाणी विहिरीजवळ ओतू नका, कोणाला देऊ नका, कापून त्याची नांद करू नका. झाकण लावून, बाहेर "विष" लिहून लांब ठेवा. आमची कॅन आणणारी गाडी पंधरा तारखेला तिकडून जाणार आहे, बाईंनी सांगितलंय, ड्रम ती घेऊन येईल. ड्रायव्हर तोच, घेवड्यावाला. त्याला पाणी विचार, चांगला आहे.

ज्या वाफ्यांत ते पाणी गेलं, ती माती ह्या वर्षी वापरू नकोस. नवी माती, नवे ट्रे, विहिरीचं सरळ पाणी. आधी दहाच बिया लावून बघ. मूळ पांढरं आलं तर पुढे जा. विहिरीचं पाणीही एक बाटली ड्रायव्हरजवळ दे, मी मोजतो.

बियाणेवाल्या काकांना मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. तुझ्याकडून नाही, माझ्याकडून. तू जायची असलीस तर जा, नसलीस तर नको. पण त्यांचं बी चांगलं होतं हे त्यांना कळायला हवं. वर्षभर त्या माणसाने ते ऐकून घेतलं.


ता. ९, सकाळी

शेवटची मोजणी झाली. वीसपैकी एकोणीस.

एकोणीस, ताई. डबाबंद, मोज्यात बांधलेलं, चार गावं फिरलेलं बी, आणि एकोणीस. बाई म्हणाल्या, दुकानातलं नवं बीही कधी कधी इतकं देत नाही. मग विचारलं, "कोणी जपलं हे?" मी म्हटलं, आईने. मग म्हटलं, आणि ताईने. आई गेल्यावर नऊ वर्षं दर वर्षी पेरून, शेंगा वाळवून, पुन्हा डब्यात. बाई म्हणाल्या, "मग हे एका बाईचं बी नाही." असं कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्याला आईचंच म्हणत आलो. त्यातल्या प्रत्येक बीला शिदोरी तू बांधून दिलेली आहे.

एकोणीसही मी जशी फुटली तशी कुंड्यांत लावली आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत. आज पहाटे एकाने मान वर काढली. पाठ वाकवून मातीतून आधी पाठच बाहेर काढतो तो, मग डोकं, टरफल अजून टोपीसारखं डोक्यावर. आणि पानं, ताई, हिरवी. इतकी हिरवी की मी शिकणाऱ्या पोरीला हाक मारली आणि ती आल्यावर नुसतं बोट दाखवलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

उरलेल्या अकरा बिया ह्या पाकिटात आहेत, कागदाच्या पुडीत. चोरलेलं परत. डब्यात टाक.

मी नोकरी सोडणार नाही. तुला वाटेल, दोन महिन्यांनी भिंगरी पुन्हा फिरेल. कुंड्यांना शेंगा येईपर्यंत तरी मला इथून हलता येत नाही, आणि बी वाळेपर्यंत त्यापुढे. ते वाळलं की घेऊन येऊ का, एवढं एका ओळीत कळव. नको असेल तर पाठवून देईन.

राहिलं एक. तू मला त्या ड्रमांचे प्रत्येकी नऊशे दिले होतेस. ते ड्रम मला फुकट मिळाले होते. त्या पैशांचे मी बूट घेतले, लाल नाडीचे, आणि तू ते बघून म्हणालीस, "बघा, माझा भाऊ कमवायला लागला." ते बूट मी अजून घालतो. टाचा गेल्यात.

तू ठेवलेलं नाव अजून चालत असेल, तर
तुझा भिंगरी

मनिऑर्डर काल केली आहे. अठराशे.